रुग्णाला मोफत पोचवायचंय? पुण्यात पहिल्या फेरीआधी एवढं शिकून घ्या

धायरीतल्या एका काकूंचं डायलिसिस रास्ता पेठेत चालायचं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. उपचाराचा खर्च सरकारी योजनेतून निघत होता, रिक्षाचा निघत नव्हता. जाऊन-येऊन चारशे रुपये धरले तरी महिन्याचे पाच हजार होतात. काका एका सोसायटीत वॉचमन. महिनाअखेर आली की तीनातलं एखादं डायलिसिस चुकायचं. चुकलं की दोन दिवसांत पाय सुजायचे, आडवं झालं की धाप लागायची आणि रात्री अकरा वाजता धावाधाव व्हायची. मशीन होतं, डॉक्टर होते, फक्त तिथपर्यंत जाणं परवडत नव्हतं.

एवढ्यापुरतं काम तुम्ही-आम्ही करू शकतो. गाडी हवी आणि आठवड्यातला अर्धा दिवस हवा. सहा वर्षं मी हे करतोय. नवी मंडळी येतात, पहिल्या दोन फेऱ्या उत्साहाने करतात आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला गळतात. इच्छा कमी पडते असं मला कधीच वाटलं नाही. आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं, मग एखादा प्रसंग असा येतो की माणूस घाबरतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

वैमानिकांकडून घेण्यासारखं

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गावं लांब लांब आहेत आणि मोठी रुग्णालयं मोजक्या शहरांत. तिथले हौशी वैमानिक आपल्या छोट्या विमानातून रुग्णांना मोफत घेऊन जातात. कॅलिफोर्नियात ‘एंजल फ्लाइट वेस्ट’ 1983 साली सुरू झाली, कॅनडात ‘होप एअर’ 1986 मध्ये, ‘एंजल फ्लाइट ऑस्ट्रेलिया’ 2003 मध्ये. अमेरिकेत विमान वैमानिकाचं असतं आणि इंधनाचा खर्चही बहुतेक वेळा त्याच्याच खिशातून जातो.

आपल्याकडे खासगी विमान बाळगणारे थोडे, आणि लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. तेव्हा पुण्यात आपण विमान घेऊन निघणार नाही. पण या वैमानिकांनी स्वतःला घालून घेतलेले नियम गाडीलाही तसेच्या तसे लागू पडतात. रुग्णाची तब्येत स्थिर हवी. थोड्या आधाराने का होईना, त्याला स्वतः चढता-उतरता आलं पाहिजे आणि सीटवर सरळ बसता आलं पाहिजे. विमानात डॉक्टर-नर्स नसतात, त्यामुळे त्याला रुग्णवाहिका समजायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हवा खराब असेल तर वैमानिक फेरी रद्द करणार, म्हणून रुग्णाने दुसरी सोय आधीच करून ठेवायची.

हा शेवटचा नियम कागदावर साधा दिसतो. 28 जून 2017 ला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट गॅम्बियरहून अशाच एका मोफत फेरीचं छोटं विमान ढग अगदी खाली उतरलेले असताना उडालं आणि लगेचच कोसळलं. वैमानिक आणि दोन्ही प्रवासी गेले. नंतरच्या चौकशीत एक मुद्दा असा पुढे आला की रुग्णाला वेळेवर पोचवायचं आहे या भावनेचंच दडपण अशा वैमानिकांवर येऊ शकतं. 2019 मध्ये तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाने या फेऱ्यांसाठी वैमानिकाचा किमान अनुभव आणि विमानाची देखभाल यांचे नियम कडक केले. चांगलं काम करतोय म्हणून आज कसंही करून जायचंच, हा विचार सिंहगड रोडवरही तितकाच घातक आहे. झोप झालेली नसताना, अंगात ताप असताना, ब्रेक कुरकुरत असताना आपण निघतो, कारण वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर असतो.

‘एंजल फ्लाइट ऑस्ट्रेलिया’त ‘अर्थ एंजल्स’ म्हणून स्वयंसेवक आहेत. वैमानिक रुग्णाला विमानतळावर उतरवतो आणि पुढे रुग्णालयापर्यंत हे लोक आपल्या गाडीने नेतात. आपलं काम त्यांच्या जातीचं आहे.

कुणाला न्यायचं

डायलिसिस, केमोथेरपी, रेडिएशन, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी, फेरतपासणी: ज्याची तारीख आधी ठरलेली आहे असं सगळं आपलं. अचानक छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं, श्वास अडकणं हे आपलं नाही. त्याला 108. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून चालू आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी 102. नव्या माणसाला वाटतं की 108 येईपर्यंत मी पोचवलं असतं. एखाद्या वेळी पोचवालही. पण वाटेत श्वास थांबला तर तुमचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत.

पडूनच न्यावं लागेल, ऑक्सिजन चालू ठेवावा लागेल, वाटेत सक्शन करावं लागेल (म्हणजे घशातला कफ यंत्राने ओढून काढावा लागेल), अशा रुग्णाला नम्रपणे नाही म्हणायचं आणि रुग्णवाहिकेची माहिती द्यायची.

पैसे आणि कागद

पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. पेट्रोलचे म्हणून दोनशे रुपये घेतले तरी उद्या अपघात झाल्यावर विमा कंपनी हा भाड्याचा प्रवास होता असं म्हणू शकते. त्यामुळे एक रुपयाही नाही. घरचे खिशात कोंबायला बघतात, डॅशबोर्डवर ठेवून जातात, ते परत द्यायचे. पोहे खाऊन जा म्हणाले तर मात्र वेळ असल्यास खाऊन जा. सतत घेत राहणाऱ्या माणसालाही कधीतरी काहीतरी द्यायचं असतं, ते ओळखावं.

लायसन्स, विमा, पीयूसी चालू आहेत ना, हे महिन्याच्या पहिल्या रविवारी बघायचं. विम्यात गाडीतल्या प्रवाशांचं संरक्षण आहे का ते एजंटला विचारून घ्या. अनेक पॉलिसींत ते वेगळं घ्यावं लागतं. एक गैरसमजही काढून टाकतो. अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याने 2019 पासून संरक्षण दिलंय. ठरवून नेलेल्या डायलिसिसच्या रुग्णाबाबत तेच लागू होईल असं धरून चालू नका.

आदल्या दिवशीचा फोन

निम्मी फेरी या फोनवर होते. मी वहीत लिहून घेतो, मोबाईलवर नाही, कारण गाडीत मोबाईलवर नकाशा चालू असतो.

घराचा पत्ता सगळेच विचारतात. मजला आणि लिफ्ट कुणी विचारत नाही. आंबेगावात एका आजोबांना तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला मला पंचवीस मिनिटं लागली, कारण लिफ्ट चालू असते तेव्हा असते. गाडी दारापर्यंत येते का, की पन्नास पावलं बोळातून चालायचं आहे? चाल कशी आहे, काठी, वॉकर की व्हीलचेअर? सोबत कोण येणार? बाई एकट्या असतील आणि स्वयंसेवक पुरुष असेल तर घरातलं कुणी किंवा आपल्यातली एखादी ताई बरोबर हवीच. रुग्णालयाचं नाव पुरत नाही, कोणतं गेट, कोणती इमारत, कोणता विभाग हेही लागतं. ससूनमध्ये भलत्या गेटवर उतरवलंत तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला आतल्या आत अर्धा किलोमीटर चालावं लागतं. परतीची वेळ अंदाजे विचारायची आणि त्यात स्वतःहून एक तास मिळवायचा.

शेवटी फाईल. जुने रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी, आधार कार्ड, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार असतील तर शिधापत्रिका. “काकू, फाईल आत्ताच पिशवीत भरून दाराच्या कडीला अडकवा,” असं मी फोनवरच सांगतो. सकाळी शोधायला गेलं की सापडत नाही.

फोनवर आजाराचा इतिहास उकरायचा नाही. तुम्हाला चालवायला लागेल एवढंच विचारायचं.

रस्ता बघून वेळ ठरवा

वैमानिक हवामान बघतो, आपण वाहतूक. हिंजवडीहून सकाळी नऊला निघणं आणि सातला निघणं यात कधीकधी तासाचा फरक पडतो. ज्येष्ठ वद्यात दोन्ही पालख्या पुण्यात येतात आणि नाना पेठ, भवानी पेठेत मुक्काम असतो. त्या दोन-तीन दिवसांत रास्ता पेठ, सोमवार पेठेतल्या कुठल्याही रुग्णालयाची फेरी असेल तर आधी वाहतूक पोलिसांचं पत्रक बघा. पालख्या निघतात त्या पहाटे हडपसरकडचा रस्ता धरू नका. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड बंद असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही मोकळे होतील याचा भरवसा नसतो. 1 जानेवारीला कोरेगाव भीमाच्या अभिवादनामुळे नगर रोडवर बदल असतात. ही तारखांची यादी डायलिसिस केंद्राला महिनाभर आधी दाखवली तर ते बहुतेक वेळा दिवस पुढे-मागे करून देतात. आदल्या रात्री सांगितलं तर त्यांचेही हात बांधलेले असतात.

बऱ्या चालणाऱ्या रुग्णाला मेट्रोही चालते. लिफ्ट आहेत, गाडी हलकेच थांबते. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयासाठी संत तुकारामनगर स्टेशन जवळ आहे, ससूनसाठी पुणे रेल्वे स्टेशनचं. अशा वेळी गाडी घरीच ठेवून नुसती सोबत करा.

गाडीत बसवणं

हे मी नव्या माणसाला स्वतःच्या गाडीवर तीनदा करून दाखवतो. आधी तो चालक, मग तो रुग्ण.

उंच मोठ्या गाडीपेक्षा वॅगन आरसारखी गाडी सोपी, कारण सीट साधारण कमरेच्या खालच्या पातळीला येते. चढावं लागत नाही आणि खोलही बसावं लागत नाही. पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ थोडी कलती करायची. गाडी फुटपाथला चिकटवून लावू नका. रुग्ण फुटपाथवर उभा राहिला तर सीट त्याला आणखी खोल जाते. थोडं अंतर सोडा, म्हणजे तो सपाट रस्त्यावर उभा राहील.

रुग्णाने सीटकडे पाठ करायची. पोटऱ्या सीटच्या कडेला टेकेपर्यंत मागे सरकायचं. एक हात गाडीच्या चौकटीवर, दारावर नाही. दार हलतं आणि माणूस त्याच्याबरोबर जातो. मग आधी बसायचं, डोकं वाकवून. तुमचा तळहात त्यांच्या डोक्यावर, चौकटीच्या कडेला. बसल्यावर दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. पाय फिरत नसतील तर सीटवर आधीच एक जाडसर प्लास्टिकची पिशवी पसरायची, तिच्यावर माणूस सहज वळतो. वळून झालं की ती काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक लागल्यावर घसरतो.

बगलेत हात घालून ओढायचं नाही, मनगट धरूनही ओढायचं नाही. अर्धांगवायू झालेल्यांच्या अशक्त बाजूला उभं राहायचं, कारण पडलेच तर त्या बाजूला पडतात. पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर बेल्ट आणि पोट यांच्यामध्ये छोटी उशी. छातीत केमोचा पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) असेल तर बेल्टखाली घडी केलेला टॉवेल. बेल्ट लावायचाच, टोचतो म्हणून सोडायचा नाही. आणि दार लावण्याआधी खाली बघा. पदर, ओढणी, धोतराचा सोगा, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी यांपैकी काहीतरी बाहेर राहिलेलं असतं.

माझ्या डिकीत कायम एक टॉवेल, चार मजबूत पिशव्या, गॉजचं पाकीट, मास्क, ओले रुमाल आणि घडीचं स्टूल असतं.

डायलिसिसची फेरी

जाताना माणूस जड असतो, येताना रिकामा. चार तासांत अंगातलं दोन-तीन लिटर पाणी काढलेलं असतं, त्यामुळे उठताना चक्कर येते, पायात गोळे येतात. मशीन सुटल्यावर लगेच निघायची घाई नको. पाच-दहा मिनिटं बसू द्या, मग उभं करा.

ज्या हाताला फिस्टुला केलेला असतो, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने शीर धमनीला जोडलेली असते, तो हात धरायचा नाही. त्या जागेवर रक्ताचा जोर इतका असतो की बोट ठेवलं तर मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते. त्या हातावर पिशवीचा पट्टा नको, घड्याळ नको, डोक्याखाली घेऊन झोपणं नको. परतीच्या वाटेत पट्टीतून रक्त आलं तर गाडी बाजूला घ्या, स्वच्छ गॉज ठेवून त्याच जागेवर बोटांनी घट्ट दाबा आणि हात वर उचलून धरा. दर मिनिटाला उघडून बघू नका. दहा मिनिटांत थांबलं नाही तर परत केंद्रावर. धार लागली असेल तर दाब न सोडता 108.

आता प्रेमाने होणारी चूक. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण शहाळं नेतो. डायलिसिसच्या रुग्णाला शहाळं म्हणजे पोटॅशियम, आणि मूत्रपिंड चालत नसताना ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. केळी, संत्र्याचा रस यांचंही तेच. पाणीसुद्धा त्यांना मापाने असतं. उन्हात तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणं जिवावर येतं. तुम्ही स्वतःहून देऊ नका, त्यांनी मागितलं तर त्यांच्याच बाटलीतून घेऊ द्या.

केमो, रेडिएशन, डोळे

केमोच्या रुग्णाला वासाने मळमळतं. गाडीतलं सुगंधी जेल आदल्या दिवशीच काढून टाका, अत्तर लावू नका, आरशाला मोगऱ्याचा गजरा नको. खिडकी किंचित उघडी, वळणं हळू, स्पीडब्रेकरवर पहिला गियर. ऑक्सॅलिप्लॅटिनसारख्या औषधानंतर गार हवेचा झोत लागला तरी घसा आवळल्यासारखा होतो, तेव्हा एसी विचारून लावा. केमोनंतर साधारण एक-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तुम्हाला साधी सर्दी असेल तरी त्या दिवशी फेरी दुसऱ्याला द्या. आणि रुग्णाला 100.4 फॅरनहाइट किंवा वर ताप असेल तर गोळी देऊन घरी थांबवायचं नाही, तेव्हाच रुग्णालयाला फोन करून न्यायचं.

रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस आणि अनेकदा कित्येक आठवडे चालतं. हे एका माणसाचं काम नाही. सोमवार ते शुक्रवार पाच जण ठरवा आणि मगच हो म्हणा. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्यावर सोडण्यापेक्षा सुरुवातीला नाही म्हटलेलं परवडतं.

मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेला फेऱ्या दोन लागतात. त्याच संध्याकाळी माणूस घरी येतो आणि बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला बोलावतात. ही दुसरी फेरी सगळे विसरतात.

नाही कधी सांगायचं

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच धायरीच्या काकू, मंगळवारची पहाटेची फेरी. सोमवारी रात्री मला कणकण होती. मनाशी म्हटलं, सकाळपर्यंत उतरेल, आता कुणाला कशाला उठवायचं. पहाटे पाचला एकशे दोन ताप. फोन केला तेव्हा काकू फाईलची पिशवी हातात घेऊन गेटवर उभ्या होत्या. काका ड्यूटीवर. त्या वेळी रिक्षा मिळाली नाही, डायलिसिस चुकलं, आणि बुधवारी रात्री त्यांना दाखल करावं लागलं. चार दिवस आत होत्या. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, “अहो, आधी सांगितलं असतंत तर मी भाच्याला बोलावलं असतं.”

रागाने नव्हत्या म्हणाल्या. त्यांना खरंच एवढंच हवं होतं.

तेव्हापासून आमच्या ग्रुपवर प्रत्येक फेरीसमोर दोन नावं असतात, एक जाणारा आणि एक राखीव. आदल्या रात्री आठ वाजता जाणाऱ्याने ‘जातोय’ लिहायचं. आठ वाजून पाच मिनिटं झाली आणि संदेश नाही, की राखीव माणूस फेरी घेतो, कुणी कुणाला कारण विचारत नाही. ‘बघतो’, ‘जमेल बहुतेक’ म्हणजे नाही असं धरायचं. रुग्णाच्या फाईलच्या मागच्या कप्प्यात आम्ही पाचशेची एक नोट ठेवायला लावतो, दोघेही अडकलो तर रिक्षासाठी. ती वापरली गेली की आमच्यापैकी कुणीतरी परत ठेवतो. तीन वर्षांत ती नोट चार वेळा वापरावी लागली.

रात्री आठला नाही म्हणणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. पहाटे पाचला नाही म्हणणारा मी होतो.

लांबचा प्रवास

कधी परळच्या टाटा रुग्णालयात जायचं असतं, कधी त्याहून लांब. सरसकट गाडी काढू नका. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री टियर एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबत्याला 75 टक्के सवलत आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेला, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला किंवा डायलिसिसला जाणाऱ्यांनाही या वर्गांत 75 टक्के सवलत मिळते. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यायचं आणि आरक्षण खिडकीवर जायचं. अनेक घरांना हे माहीतच नसतं. इथे स्वयंसेवकाचं काम म्हणजे खिडकीवर रांगेत उभं राहणं.

विमानाने जाणार असतील तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगायची. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा ऑक्सिजन लागत असेल तर विमान कंपनी डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म मागते. घरचा सिलिंडर चालत नाही. यामागचं कारण रुग्णाला समजावून सांगा. मोठ्या विमानात हवेचा दाब राखलेला असला तरी आतली हवा 1800 ते 2400 मीटर उंचीवर असावी तितकी विरळ असते. कळसूबाईचं शिखर 1646 मीटर. फुप्फुस किंवा हृदय कमजोर असलेल्याला त्याहून उंचावर दोन तास बसवायचं आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट नको.

सुरुवात कुठून

मोठी संस्था काढायची गरज नाही. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. कोणत्या घराला खरी अडचण आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांना भेटा, ओळखपत्राची प्रत द्या, आठवड्यातला कोणता वार आणि कोणता भाग जमेल ते सांगा. ‘केव्हाही बोलवा’ असं सांगू नका, तसं सांगणाऱ्याला कुणी बोलवत नाही. “गुरुवार सकाळ, सिंहगड रोड ते पेठा,” एवढं नेमकं सांगा. पहिल्या दोन फेऱ्या कुणा अनुभवी माणसाबरोबर मागच्या सीटवर बसून करा.

रुग्णाचा फोटो काढू नका, ग्रुपवर नाव-आजार लिहू नका. सोसायटीत कुणी विचारलं तर “काकूंना सोडायला चाललोय,” एवढं पुरे. त्यांच्या डॉक्टरांबद्दल मत देऊ नका, ओळखीच्या वैद्यांचा नंबर देऊ नका. बोलायचं असेल तर त्या बोलतील, गप्प बसायचं असेल तर गप्प बसू द्या. काही जणांना परतीच्या वाटेवर झोप लागते, तेव्हा रेडिओ बंद करा.

घरी पोचल्यावर गेटवर सोडून निघू नका. जिना चढेपर्यंत, कुलूप उघडेपर्यंत, पंखा लागेपर्यंत थांबा. फाईलची पिशवी परत कडीला अडकवा. मागच्या कप्प्यातली नोट आहे का बघा. मग खाली येऊन ग्रुपवर ‘पोचल्या’ लिहा आणि त्याखालीच पुढच्या फेरीसाठी विचारा, गुरुवारी कोण आणि राखीव कोण.